एक थाप जास्तीची

मी शिंपी आहे. कापड सुताभर इकडेतिकडे गेलं तरी माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि दिसलं की माझं डोकं फिरतं. मी याला गुण समजतो, आमच्या घरी याला खोड म्हणतात. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे नत्थुजीचं आणि माझं का जमत नव्हतं ते वेगळं सांगायला नको.

शेंदूरजनाघाटापासून दोन कोसांवर आमचं गाव. गावाभोवती संत्र्याच्या बागा, आणि बागा म्हटलं की विहिरी आल्याच. आमच्यातले सात-आठ जण एकदा मोझरीच्या आश्रमात राहून आले आणि तिथल्यासारखी सामुदायिक प्रार्थना गावात सुरू झाली. रोज दिवस मावळताना शाळेपुढच्या पटांगणात ओळीनं बसायचं. पुढे एक पाट, त्यावर पांढरं कापड. पाटावर मूर्ती नाही, तसबीर नाही, कोणी माणूस तर नाहीच. ते रिकामं आसन देवाचं. कापड मीच शिवलेलं, चारही कडांना सारखी दुमड. पेटीही मीच वाजवायचो. प्रार्थना संपली की आमच्याकडे पाच मिनिटं मौन असायचं. त्या मौनात मी बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशीच्या शिलाईचा विचार करायचो, हेही कबूल करतो.

नत्थुजी खंजिरी वाजवायचा. बागेतली कामं करायचा, उन्हाळ्यात विहिरी खोदायला जायचा. अंगानं आडवा, बोलायला कमी, आणि तळहात असे की खंजिरी त्याच्या हातात बशीसारखी दिसायची. ठेका त्याचा वाईट नव्हता. भजन सुरू असेपर्यंत कोणाला नाव ठेवायला जागा नव्हती. भानगड शेवटाला होती. पेटी थांबायची, टाळ थांबायचे, गाणारे थांबायचे, सगळं शांत व्हायचं, आणि मग नत्थुजीची एक थाप पडायची. धप. एकच, पण रोज.

गावात ते चालून जायचं. पोरं हसायची, म्हातारे मान हलवायचे. पण साठ साली आम्ही वरूडला भजनाच्या सामन्याला गेलो. तीन महिने तयारी केली होती. सगळ्यांना सारख्या टोप्या मी शिवल्या होत्या. भजन रंगलं, मंडपातली माणसं डोलायला लागली, शेवटचं कडवं झालं, आम्ही एकदम थांबलो. आणि त्या शांततेत धप. परीक्षक म्हणून बसलेले गृहस्थ चष्म्यावरून आमच्याकडे पाहत म्हणाले, "कोणाचं काही राहिलं काय?" सगळा मंडप हसला. माझ्या कानशिलांना घाम फुटला.

परतीच्या बैलगाडीत मी नत्थुजीसमोर बसलो होतो. निम्म्या वाटेपर्यंत मी दात आवळून होतो.

"सगळे थांबले का आपण थांबावं, हे तुमाले समजत नाई काय?" मी विचारलं.

"समजते ना," तो म्हणाला.

"मंग?"

बैलांच्या गळ्यातल्या घाट्या वाजत होत्या. मग तो म्हणाला, "सूर्यभानजी, आपण कोणाच्या दारावर गेलो, कडी वाजोली, अंदरून आवाज नाई आला, तं आपण लगेच वापस फिरतो काय? एकदा अजून वाजोतोच ना."

"देव काय भयरा आहे?"

"थो नसंन भयरा. पण मले कसं समजावं का त्यानं आयकलं म्हून?"

मला इतका संताप आला की मी त्याच्या मांडीवरची खंजिरी उचलली आणि माझ्या पिशवीत टाकली. त्यानं हात पुढे केला नाही. ती खंजिरी नंतर सव्वा वर्ष माझ्या दुकानात, मशीनच्या वरच्या खिळ्याला टांगलेली होती. तो दुकानावरून रोज जायचा, कधी मागितली नाही. प्रार्थनेला मात्र चुकला नाही. शेवटच्या ओळीत बसायचा आणि मांडीवर तळहातानं ठेका धरायचा. सगळं थांबलं की मांडीवर एक थाप पडायचीच. मला पेटीपाशी ती ऐकू यायची आणि मौनातली माझी पाच मिनिटं रागात जायची.

एकसष्टचा वैशाख. रामराव पाटलांच्या बागेतली विहीर आटत चालली होती म्हणून ती खोल करायचं काम निघालं होतं. रामरावांनी देवमनला बोलावलं. देवमन विहिरी खोदणाऱ्यांचा मुकादम, तीन तालुक्यांत त्याच्या हातच्या विहिरी. छप्पन साली नागपूरला जाऊन त्यानं दीक्षा घेतली होती. तेव्हापासून तो आमच्या प्रार्थनेकडे फिरकला नव्हता, आणि आम्हीही त्याला त्यावरून कधी छेडलं नव्हतं. माणूस मोजून बोलायचा आणि मोजून खोदायचा, त्यामुळे मला तो आवडायचा.

देवमनच्या टोळीत त्या वर्षी नत्थुजीही होता. विहीर तीस हात खोल. वरची दहा हात दगडानं बांधलेली, मधे मुरूम, खाली खडक. पश्चिमेच्या अंगाला खडकात ओल दिसली म्हणून तिथं त्यांनी आत कपार खोदत नेली होती. त्या दिवशी अकराच्या सुमाराला माणसं भाकर खायला वर आली. नत्थुजी म्हणाला, झरा हाताला लागून राहिला, तुमी व्हा पुढे. आणि तो घमेलं घेऊन पुन्हा कपारीत शिरला. वरच्या माणसांनी फडकी सोडली तेवढ्यात पूर्वेकडचा मुरूम सुटला. आवाज दुकानापर्यंत आला. मी हातातलं धोतराचं पान तसंच टाकून धावलो.

विहिरीच्या काठावर धूळ होती आणि धुळीपलीकडे काही नव्हतं. धूळ बसल्यावर दिसलं ते असं, की जिथं तीस हात खोली होती तिथं आता वीस हातही नव्हती. खाली मातीचा आणि दगडांचा ढीग. त्याच्याखाली कुठंतरी नत्थुजी.

दिवसभर टोपल्यांनी माती वर येत होती. देवमनची माणसं खाली, गावची माणसं दोराला. माझ्यासारखे काठावर उभे राहून टोपलं धरत होते, रिकामं करत होते. मी लहानपणापासून विहिरीत वाकून पाहू शकत नाही. म्हणून मी काठापासून चार पावलं मागे उभा राहून टोपली घेत होतो आणि कोणाला ते कळू नये याची काळजी करत होतो. माणूस मातीखाली होता आणि मी माझ्या अब्रूची काळजी करत होतो.

नत्थुजीची बायको रुख्मिणीबाई दुपारपासून संत्र्याच्या झाडाखाली बसली होती. रडत नव्हती. बायका तिच्याभोवती रडत होत्या. नत्थुजीचा खांद्यावरचा दुपट्टा सकाळी त्याच झाडाच्या फांदीला टांगलेला होता, तो तिनं मांडीवर घेतला होता.

दिवस कलायला लागला तेव्हा खालचे मोठमोठे धोंडे उघडे पडले. ते एकमेकांत अडकून बसले होते. आणि तेवढ्यात देवमननं वर पाहिलं. उत्तरेच्या मुरमाला हातभर लांब चीर गेली होती आणि तिच्यातून बारीक माती गळत होती. त्यानं सगळ्यांना वर बोलावलं. शेवटी स्वतः आला. अंगावर मातीशिवाय काही दिसत नव्हतं.

"आता खाल्ते जो जाईन थो तठीच राईन," तो रामरावांना म्हणाला. "दरड थोपवाले धीरे लागतीन. फळ्या लागतीन. वरूडले गाडी धाडा. सकायी पाहू."

रामरावांनी गाडी धाडली. सकाळी पाहू, म्हणजे काय पाहू, हे सगळ्यांना कळलं. माणसं हात झटकायला लागली. कोणीतरी म्हणालं, "चांगला माणूस होता बाप्पा."

मी ते ऐकलं. सकाळपर्यंत 'आहे' असलेला माणूस आता 'होता' झाला. दोन अक्षरांत मापच बदललं. मला ते टोचलं.

रुख्मिणीबाई उठली. सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"भाऊजी, दिवस बुडून राहिला. प्रार्थनेची येळ झाली."

मला वाटलं बाईचं डोकं फिरलं. "वहिनी, अठी माणूस मातीत आहे, अन् तुमी प्रार्थना काढून राहिल्या? हे काय भजनाची येळ आहे?"

"मंग कवा आहे?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "चांगल्या दिवसाले रोज बोलावता. आज मले भेव लागून राहिलं, भाऊजी. लय भेव लागून राहिलं. घरी जाऊन रडली तं हे भेव मले खाऊन टाकीन. अठी बसून देवाचं नाव घेतलं तं उलीसा धीर धरवंल. माणसायनं हात टेकले. आता त्याच्यापाशी नाई बसाव तं कोणापाशी बसाव?"

मी रागानं म्हणालो, पेटी नाही, टाळ नाहीत, आसन नाही. ती वळली, एक टोपलं उपडं केलं आणि त्यावर मांडीवरचा दुपट्टा अंथरला.

मला ते बघवेना. नत्थुजीचा दुपट्टा, मातीचं टोपलं, आणि त्यावर कोणी नाही. माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. एक म्हातारी हळूच म्हणाली, "असा त्याचा दुपट्टा नको मांडू माय, अपशकुन होते."

"हे आसन त्याईचं नाई, बाई," रुख्मिणीबाई म्हणाली. "रोज कोणाचं असते? देवाचंच आहे. त्याईचं काय करायचं थे तोच पाहीन."

माणसं बसली. काठापासून दहा हात सोडून, संत्र्याच्या ओळींमधे. देवमन एका बाजूला उभा होता. मला म्हणाला, "मी हात नाई जोडत, भाऊ. पण गप बसतो." आणि तो शेवटाला, बरोबर नत्थुजी बसायचा त्या जागी मांडी घालून बसला. त्याला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं.

मी सूर दिला. पेटीशिवाय माझा आवाज केवढा लहान आहे ते त्या दिवशी कळलं. सुरुवातीला चार-पाच जणच म्हणत होते, मग ओळी भरत गेल्या. शेवटी सगळा गाव म्हणत होता. रोज मी ती प्रार्थना पेटीच्या पट्ट्यांकडे पाहत म्हणायचो. त्या दिवशी पाहायला समोर फक्त ते उपडं टोपलं होतं. शब्द तेच होते, पण मी ते पहिल्यांदा कोणाला तरी म्हणत होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला त्याची लाज वाटली नाही.

प्रार्थना संपली. आवाज थांबला. मौन सुरू झालं.

दिवसभर त्या विहिरीवर एक क्षण शांतता नव्हती. कुदळी, गडगडी, आरडाओरडा, रडणं. आता काही नव्हतं. पाखरं झाडांत बसत होती तेवढाच आवाज.

आणि मग विहिरीतून आलं. धप.

एकच. लहान, खोल. मी डोळे उघडले. पुष्कळांनी उघडले होते. रामराव हलकेच म्हणाले, "गोटा पडला. दरड सुटून राहिली."

"गोटा असा वाजत नाई," मागून देवमन म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. "थे लोखंड वाजलं. घमेलं असंन."

मला आवाजाच्या धातूशी काही घेणंदेणं नव्हतं. मला तो आवाज केव्हा आला ते कळलं होतं. सगळे थांबल्यावर, एक मोजून झाल्यावर, जिथं तो यायला नको बरोबर तिथं. मी सव्वा वर्ष ज्या थापेचा राग राग केला तीच थाप होती. दुसऱ्या कोणाची असूच शकत नव्हती, कारण असं चुकीचं दुसऱ्या कोणाला वाजवताच येत नाही.

"शेवटचं कडवं अजून एक डाव म्हणा," मी म्हणालो. "अन् मी हात वर केला का सगळे एकदम गप. एक बी मागं राहाचं नाई."

म्हटलं आम्ही. आवाज थरथरत होते, सूर कुठल्या कुठे जात होता. मी हात वर केला आणि आमचं मंडळ आयुष्यात पहिल्यांदा खरोखर एकदम थांबलं. मी श्वाससुद्धा धरून ठेवला.

धप.

रुख्मिणीबाईनं टोपल्यापुढं डोकं टेकवलं आणि तशीच राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरचेच हायेत. दुसरं कोण असं वाजोते?"

देवमन काठावर जाऊन खाली पाहत होता. "जिता आहे तं सकायची वाट नाई पाहता येत," तो म्हणाला. "कपारीच्या तोंडावर धोंडे आडवे पडले म्हून थो वाचला. पश्चिमेकून दोन धोंड्यात फट आहे. माझ्या माणसात तठी घुसंन असा कोणी नाई, मी बी नाई. बारीक माणूस पाह्यजे."

तो माझ्याकडे बघत होता. सगळेच माझ्याकडे बघायला लागले. माझ्या बारीकपणावर गावानं पुष्कळ हसून घेतलं आहे; आमच्या घरी तर म्हणतात, हे सुईच्या नेढ्यातून स्वतःच जातात. त्या क्षणी कोणी हसत नव्हतं.

मी नाही म्हणणार होतो. शब्द तोंडात आला होता. मला विहिरीत पाहताही येत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मला दुकानातली ती खंजिरी आठवली. मी कंबर पुढे केली. देवमननं दोर बांधला.

खाली जाताना मी काय प्रार्थना केली ते सांगतो. त्यात गाणं नव्हतं, चांगला एक शब्द नव्हता. देवा, मला भीती वाटते. देवा, मला भीती वाटते. एवढंच. मी पेटीवर बसून किती वर्षं काय काय म्हणालो असेन, पण मनापासूनचं हे पहिलंच. भीती गेली असं काही झालं नाही. पण भीती आता माझ्या एकट्याजवळ नव्हती, ती मी दुसऱ्या कोणाला तरी दाखवली होती. हात चालायला लागले.

देवमन माझ्यामागे उतरला. वरून गॅसबत्ती सोडली. उत्तरेकडची माती आमच्या पाठीवर बारीक गळत होती. मी फटीत खांद्यापर्यंत शिरून लहान दगड मागे सरकवायचो, देवमन ते टोपल्यात भरायचा. असं किती वेळ चाललं सांगता येत नाही. मग एक मोठा धोंडा आला, हलेना. कुठून काढायचा ते आतून आवाज आल्याशिवाय समजत नव्हतं. देवमननं लोखंडी सब्बल माझ्या हातात दिली. "वाजव."

मी धोंड्यावर तीनदा वाजवलं. आम्ही थांबलो. काही नाही.

पुन्हा तीनदा. काही नाही.

वरून मुठीएवढं ढेकूळ पडलं. देवमननं वर पाहिलं. "भाऊ," तो हळू म्हणाला, "अंदर हवा संपली असंन. आता निंघा लागीन. तुयी बायको बी वर बसली आहे."

त्याचं बरोबर होतं. मोजून बोलणारा माणूस तो. मी अजून एकदा तीनदा वाजवलं आणि कान लावला. आत काळोख होता, बाकी काही नाही. मी मागे सरकायला लागलो.

आणि मला ती बैलगाडी आठवली. अंदरून आवाज नाही आला तर आपण लगेच वापस फिरतो काय? मी सब्बल उचलली आणि अजून एक मारली. एकच. मापाबाहेरची.

धोंड्याच्या डाव्या अंगानं, अगदी जवळून, उत्तर आलं. धप.

देवमननं माझ्या हातातून सब्बल घेतली आणि आतल्या माणसाला लागू नये म्हणून धोंड्याच्या उजव्या बाजूला घातली. अर्ध्या तासानं वाट झाली. आधी घमेलं बाहेर आलं, मग तो थोराड हात. तो हात मी धरला. एवढा मातीनं भरलेला हात मी आयुष्यात इतका घट्ट धरला नसेल.

आम्हाला वर घेतल्यावर थोड्याच वेळानं उत्तरेची दरड खाली गेली. माणसं मागे पळाली. देवमन मातीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून काहीतरी पुटपुटत राहिला. काय ते मी विचारलं नाही, पण ते कोणाचे तरी आभार होते एवढं मला कळत होतं.

रुख्मिणीबाईनं टोपल्यावरचा दुपट्टा उचलला, कपाळाला लावला आणि नत्थुजीच्या अंगाभोवती गुंडाळला. त्याच्या डाव्या पायाचं हाड मोडलं होतं, तोंड मातीनं भरलं होतं. चूळ भरून झाल्यावर त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला ते हे:

"आज पेटी कावून नोती?"

सगळा गाव हसला. हसता हसता रडला. मी सगळ्यांत जास्त.

त्याला ती प्रार्थना ऐकू आली होती. घसा मातीनं बंद झाला होता, ओरडता येत नव्हतं. आमचे आवाज वरून आले तेव्हा त्याला वाटलं, येळ झाली, आपण राहिलो. आणि हाताशी घमेलं होतं म्हणून त्यानं ठेका धरला. नंतर ग्लानी आली. पुढचं त्यानं मला महिन्याभरानं सांगितलं, पायाला फळ्या बांधून खाटेवर पडला होता तेव्हा. मी खंजिरी घेऊन गेलो होतो. तिला कापडाची खोळ शिवली होती, आत मऊ अस्तर. ती त्याच्या उशाशी ठेवली. क्षमा मागायला गेलो होतो.

"तुमी तीनदा वाजोलं," तो म्हणाला. "थे आयकू येत होतं मले, पण सपनात असल्यावानी. म्हणलं झालं, संपलं, झोपा आता. मंग एक जास्तीची आली. मी म्हणलं, आरे, हे तं आपल्यासारखं चुकून राहिलं कोणी. म्हून जागा झालो."

मी त्याच्या खाटेच्या पायावर डोकं ठेवलं. तो घाबरून उठायला लागला, फळ्या बांधलेल्या पायाचं विसरून. रुख्मिणीबाई आतून ओरडली, दोघांवरही.

त्या कपारीतला झरा फुटला. विहिरीला नव्यानं दगडी बांधणी झाली आणि रामरावांची बाग त्यावर अजून उभी आहे. पहिल्या पाण्याची घागर रामरावांनी नत्थुजीच्या घरी पोचवली आणि दुसरी देवमनच्या. देवमन अधूनमधून संध्याकाळी येतो. हात जोडत नाही, मौनात बसतो आणि उठून जातो. आमच्या मौनाला त्याच्यामुळे वजन आलं आहे असं मला वाटतं.

नत्थुजी पोळ्याला काठी टेकत पटांगणात आला. पहिल्या ओळीत, पेटीच्या शेजारी बसला. खोळ काढली. सगळा गाव शेवटाची वाट पाहत होता, मी तर पेटीवरची बोटं कशी चालली तेही विसरलो होतो. शेवटचं कडवं झालं. आम्ही थांबलो. नत्थुजीही थांबला. बरोबर आमच्यासोबत, सुताचाही फरक नाही. मग मौन.

मी वाट पाहिली. थाप आली नाही.

प्रार्थना झाल्यावर मी त्याला विचारलं, "काहो, आज तुमची एक राहिली ना?"

"राहिली नाई," तो म्हणाला. "कायले मारू आता? थो आयकते हे समजलं ना मले." आणि खंजिरी खोळीत घालायला लागला, दोऱ्या नीट ओढून, जसं मी दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपली. सगळे थांबले. माझ्या डोळ्यांपुढे ते उपडं टोपलं आलं, तो काळोख आला, आणि देवमनचं ऐकून मागे फिरायच्या बेतात असलेला मी आलो. माझा हात आपोआप उठला आणि पेटीच्या लाकडावर पडला. धप. पोरं हसली. मला राग आला नाही.

त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. मी रोज मारतो. नत्थुजी कधी कधी मौन संपल्यावर माझ्याकडे वाकून म्हणतो, "सूर्यभानजी, एक जास्तीची झाली."

"माहीत आहे," मी म्हणतो. "थे काई मागाची नाई. त्याच्या उपकाराची आहे."

तो मान हलवतो, काठी शोधतो आणि रुख्मिणीबाईच्या मागे मागे घरी जातो. मी पाटावरचं कापड घडी करतो, कडेला कड लावून, आणि पेटी उचलतो.